विंचू, हृदय आणि महाडची गोळी

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे निघालं की कापडे लागतं. दिवाळीच्या सुमाराला या पट्ट्यात भातकापणीची घाई असते. भारे उचलायचे, पेंढा रचायचा, सरपण ओढायचं, बांधावरचा दगड हलवायचा. लाल विंचू दडतो तो नेमका अशाच ठिकाणी. त्याच्या दंशाने माणूस कळवळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दंशाने माणूस दगावतो तो वेदनेने नव्हे, हृदयामुळे.

या विषामुळे मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा वेळेवर मिटत नाहीत आणि तंतू थांबायचं नावच घेत नाहीत. सुरुवातीला उलट्या, लाळ आणि कपडे भिजवणारा घाम. पुरुषांमध्ये लिंग ताठरणं हीसुद्धा यातली एक खूण. ती लाजेपायी लपवली जाते आणि मोलाचा वेळ जातो. मग अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची द्रव्यं रक्तात उसळतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात. पंप जोरात चालू असताना पुढचा पाइप कुणी पिळून धरावा, तशी हृदयाची गत होते. नाडी धावते, ठोक्यांत खाडे पडतात, हृदयाचा खालचा कप्पा स्वतःच्याच लयीत सुटतो. शेवटी फुप्फुसात पाणी भरतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो.

हे सगळं खाटेशेजारी बसून टिपलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा हा मुलगा नागपूरला डॉक्टर झाला आणि 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत जात होते आणि पुस्तकांत उपाय सापडत नव्हता. त्यांनी लक्षणांच्या नोंदी ठेवल्या. 1982 साली त्या लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. आडगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरची निरीक्षणं जगाने वाचली, याचा रायगडकरांनी मोठा अभिमान बाळगावा असं मला मनापासून वाटतं.

पुण्याला एमडी करून ते याच भागात परतले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रोप्रुसाइड त्यांनी वापरून पाहिलं. गुण आला, पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावं लागतं आणि क्षणाक्षणाला रक्तदाब बघावा लागतो. खेड्यातल्या दवाखान्याला हे झेपणारं नव्हतं. मग त्यांची नजर गेली प्राझोसिनवर. ही रक्तदाबाची स्वस्त, साधी, तोंडाने घ्यायची गोळी. 1986 साली तिच्याबद्दलचा त्यांचा लेखही ‘लॅन्सेट’ने छापला. शंभरातले चाळीसेक रुग्ण दगावायचे, ते प्रमाण या उपचाराने एकावर आलं.

इथे थोडं थांबायला हवं. ठोका बिघडला की ठोक्याचं औषध द्यावं, असं कुणालाही वाटेल. प्राझोसिन ठोक्याचं औषध नाही. ते रक्तवाहिन्यांवरचे अल्फा ग्राहक (रिसेप्टर) अडवतं, वाहिन्या उघडतात, हृदयावरचा भार उतरतो. ठोके नुसते आवरायला बीटा ब्लॉकर दिलं तर अल्फाचा जोर मोकळा राहतो आणि वाहिन्या आणखी आवळू शकतात. अमेरिकेतही 1989 साली हाच धडा मिळाला. हार्ट अटॅकनंतर पडणारे जादा ठोके दाबायला फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड दिली जात. ठोके दबले, पण ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांमध्येच जास्त मृत्यू दिसले: 755 जणांत 63, तर नुसती खोटी गोळी घेणाऱ्या 743 जणांत 26. ईसीजीची रेघ सरळ दिसली म्हणजे हृदय वाचलं, असं नाही.

घरच्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. दंशाच्या जागी असह्य आग होतेय पण घाम-उलटी नाही, असा रुग्ण बहुधा धोक्याबाहेर असतो. दुखणं फारसं नाही, पण अंग घामाने निथळतंय, हातपाय गार पडलेत, तो खरा काळजीचा. मांत्रिकाकडे ज्याचा विंचू ‘उतरतो’, तो रुग्ण पुष्कळदा पहिल्या प्रकारचा असतो. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाचा तिथे बसून जीव जातो.

पुढे प्रतिविषही आलं. डॉ. बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडला 70 रुग्णांवर केलेली चाचणी 2011 मध्ये ‘बीएमजे’त आली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या 35 जणांपैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर आठ. 2022 साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिनची गोळी द्यायची ती डॉक्टरांच्या नजरेखालीच. मुलांचा डोस वजनावर ठरतो. पहिल्या डोसनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला झोपवून ठेवतात. लहान मुलाला कडेवर उचलूही देत नाहीत. घाम-उलट्यांत गेलेलं पाणी भरून काढतात आणि हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी पुढची गोळी देतात.