तारेचा रोध व तिचे उष्णतामान : ई-सिगारेटच्या निमित्ताने काही विज्ञान

ई-सिगारेट या नावाने ओळखले जाणारे उपकरण आपल्या देशात कायद्याने निषिद्ध आहे. सन २०१९ च्या सप्टेंबरात प्रथम अध्यादेश निघाला व त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने कायदा केला. या कायद्यान्वये तिचे उत्पादन, आयात, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात हे सर्व गुन्हे ठरतात. तथापि बंदी घातलेली वस्तू नाहीशी होतेच असे नाही. ती कधी पेनाच्या, कधी लहानशा डबीच्या रूपाने एखाद्या मुलाच्या दप्तरात निघू शकते. अशा वेळी मुले जो प्रश्न विचारतात तो बहुधा असा असतो : “गुरुजी, यात विस्तव नाही, धूर नाही, आणि उष्णतामानही यंत्रच आवरते, मग यात वाईट काय?” या प्रश्नास केवळ दटावून उत्तर देता येत नाही. सुदैवाने त्याचे खरे उत्तर विद्युतशास्त्राच्या अगदी प्राथमिक भागात आहे, आणि ते प्रत्येक शिक्षकास समजण्याजोगे व समजावून देण्याजोगे आहे.

उपकरणाची रचना साधी आहे. एक विद्युत्घट, त्यास जोडलेली बारीक तारेची गुंडाळी, गुंडाळीच्या पोटात कापसाची वात, आणि वातीला ओले ठेवणारा द्रव. हा द्रव म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचे मिश्रण. त्यात सुगंध आणि बहुधा निकोटिन मिसळलेले असते. तारेतून प्रवाह गेला की ती तापते, द्रवाची वाफ होते व ती वाफ ओढली जाते. या कल्पनेचे पहिले पेटंट हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकन गृहस्थास १९६५ साली मिळाले होते. परंतु आज प्रचारात असलेल्या स्वरूपाचे श्रेय २००३ च्या सुमारास चीनमधील होन लिक या औषधशास्त्रज्ञाने केलेल्या कामास देतात.

आता वातीकडे पाहू. भाताचे पातेले चुलीवर असते, आणि आत पाणी आहे तोवर जाळ कितीही असला तरी उष्णतामान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. पाणी आटले की तोच जाळ भात करपवतो. येथेही तसेच घडते. प्रॉपिलीन ग्लायकॉल सुमारे १८८ अंशांवर व ग्लिसरीन सुमारे २९० अंशांवर उकळते. वात ओली असेपर्यंत तारेची उष्णता वाफ होण्यात खर्ची पडते. वात कोरडी पडली की ती उष्णता जायला वाट उरत नाही. तार भराभर तापते, कापूस करपतो, आणि द्रवाचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन यांसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात. म्हणजे प्रवाहाची शक्ती तीच राहूनही उष्णतामान मात्र निरनिराळे होऊ शकते. शक्ती व उष्णतामान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही बाब मुलांच्या मनावर येथेच ठसवावी. पुढचे सारे त्यावर उभे आहे.

हे टाळण्यासाठी २०१४ च्या सुमारास उष्णतामान-नियंत्रण असलेली उपकरणे बाजारात आली. त्यांत उष्णतामापक बसवलेला नसतो. तारच स्वतःचे उष्णतामान सांगते! धातू तापला की त्यातील अणूंचे कंपन वाढते, वाहत्या इलेक्ट्रॉनांना अधिक अडथळा होतो व तारेचा रोध वाढतो. दर अंशामागे मूळ रोधाच्या किती पट वाढ होते त्यास रोधाचा तापमान-गुणांक म्हणतात. ही युक्ती मुळीच नवी नव्हे. प्लॅटिनमच्या तारेचा रोध मोजून उष्णतामान ठरविण्याची कल्पना सीमेन्स यांनी १८७१ साली मांडली व १८८७ साली कॅलेंडर यांनी ती विश्वसनीय केली. आजही कारखान्यांतून शून्य अंशास १०० ओहम व शंभर अंशास १३८.५ ओहम दाखविणारे प्लॅटिनमचे उष्णतामापक वापरात आहेत.

या गुणांकाचा प्रत्यय शाळेत आणून देता येतो. अडगळीत जुना तारेचा १०० वॉटचा दिवा सापडल्यास तो खोबणीतून काढलेला असतानाच मल्टीमीटरने त्याचा रोध मोजावा. तो सुमारे ४० ओहम भरतो. आता जळत्या दिव्याचा रोध गणिताने काढावा : २३० चा वर्ग भागिले १००, म्हणजे ५२९ ओहम. एकच तार, आणि रोध तेरा पट! याच्या उलट १००० वॉटच्या विजेच्या शेगडीची तार घ्यावी. तापलेल्या स्थितीत तिचा रोध गणिताने सुमारे ५३ ओहम येतो, आणि पिन काढून थंड स्थितीत मोजला तर तो त्याहून थोडाच कमी भरतो. (मोजमाप करताना शेगडी विजेस जोडलेली नसावी, हे निराळे सांगावयास नको.) दिव्याची तार टंगस्टनची व शेगडीची नायक्रोमची, एवढाच फरक.

नायक्रोम हा निकेल व क्रोमियम यांचा मिश्रधातू. त्याचे पेटंट अमेरिकेतील आल्बर्ट मार्श यांना १९०६ साली मिळाले. लोखंड, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांचा कांथल हा मिश्रधातू स्वीडनमधला. दोन्हींच्या पृष्ठावर ऑक्साइडचा चिवट पापुद्रा बसतो, म्हणून ते हजार अंशांच्या वरही टिकतात; आणि दोन्हींचा रोध उष्णतेने फारसा बदलत नाही. शेगडीस हा गुण, पण उष्णतामान सांगण्याच्या कामी तोच अवगुण. थोडे आकडे पाहू. कांथलचा गुणांक सुमारे ०.००००२. अर्ध्या ओहमची कांथलची गुंडाळी २० अंशांवरून २२० अंशांवर नेली तर रोध ०.५०२ ओहम होतो. एवढा फरक सैल स्क्रूमुळेही पडेल. स्टेनलेस स्टीलच्या ३१६ या प्रकाराचा गुणांक सुमारे ०.०००९, तीच गुंडाळी ०.५९ ओहम दाखवील. टायटेनियमचा सुमारे ०.००३५, आणि शुद्ध निकेलचा सुमारे ०.००६. निकेलची ०.१० ओहमची गुंडाळी २२० अंशांवर ०.२२ ओहम होते, म्हणजे दुपटीहून अधिक. म्हणून उष्णतामान-नियंत्रणासाठी प्रथम निकेलचीच निवड झाली. पण निकेल मऊ असते, आणि पुष्कळांच्या त्वचेस ते सोसत नाही. टायटेनियम लालबुंद होईपर्यंत तापवले तर त्यावर ऑक्साइडची पांढरी भुकटी धरते. स्टेनलेस स्टील सोयीचे, पण त्याचा रोध थोडाच बदलत असल्याने मापन नाजूक होते. सर्वगुणी धातू कोणताच नाही.

यंत्र करते ते एवढेच : गुंडाळी थंड असताना रोध मोजून ठेवते, धातूचा गुणांक धरून ठराविक उष्णतामानास तो किती व्हावा हे काढते, आणि रोध तेथवर पोचताच शक्ती कमी करते. या हिशेबात कच्चा दुवा कोठे आहे, हे वरच्या वर्गातील हुशार मुलांस शोधावयास सांगावे. तो पहिल्याच पायरीत आहे. निकेलची गुंडाळी अजून ६० अंशांवर कोमट असताना यंत्राने तिलाच २० अंशांची थंड गुंडाळी समजून मोजले, तर ०.१० ऐवजी ०.१२४ ओहम नोंदले जातील. मग २२० अंशांसाठी यंत्र ०.१२४ गुणिले २.२, म्हणजे ०.२७३ ओहमपर्यंत तार तापवील. आणि तेव्हा तारेचे खरे उष्णतामान ३०८ अंशांच्या घरात असेल! पडद्यावर मात्र २२० हाच आकडा झळकत राहील. धातूचे नाव चुकीचे निवडले तरी असाच घोटाळा होतो. शिवाय यंत्रास समजतो तो संपूर्ण तारेचा सरासरी रोध. एका टोकास वात कोरडी पडून तेथील दोन वेढे करपत असले तरी उरलेले ओले वेढे सरासरी खाली ओढतात. यंत्र खोटे बोलत नाही; त्याला विचारलेला प्रश्नच निराळा असतो.

आणि समजा, हिशेब अगदी बिनचूक जमला. तरी नियंत्रण आहे ते तारेचे, द्रवातील निकोटिनचे नव्हे. ते वाफेबरोबर फुप्फुसात जातेच, व वाढत्या वयाच्या मेंदूवर त्याचा परिणाम प्रौढांपेक्षा अधिक होतो. “उष्णतामान आवरले म्हणजे वाफ निर्धोक झाली” हे विधान म्हणूनच विज्ञानाचे नव्हे, विक्रेत्याचे आहे.

असे उपकरण शाळेत सापडल्यास ते मुलांदेखत उघडू नये. आतील लिथियमचा घट दबला वा त्याची दोन टोके धातूने जोडली गेली तर तो पेट घेऊ शकतो. द्रवातील निकोटिन त्वचेतूनही शरीरात शिरते. हातास लागल्यास साबण व भरपूर पाणी वापरावे, आणि एखाद्या लहान मुलाच्या तोंडात तो गेल्याची शंका आली तरी विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे, बरोबर ती कुपीही न्यावी. कायद्यात पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि साठवणीस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही सांगितले आहेत. ओढणाऱ्यास मात्र निराळी शिक्षा सांगितलेली नाही. तेव्हा मुलास पोलिसांचे भय घालण्यापेक्षा, ती वस्तू त्यास कोणी विकली हे पालकांच्या साहाय्याने शोधणे अधिक अगत्याचे आहे.