मोत्यास न्यावे काय?

बेगमबाजारातून मुसी हाकेच्या अंतरावर. तरी सहल ठरली ती कृष्णाकाठी, नागार्जुनसागरास. धाकट्या कन्येचा एकच हट्ट, "बाबा, मोत्यालाही न्यायचं!"

कुत्रे म्हणजे जन्मजात पोहणारे, हा आमचाही समज. परंतु आखूड पायांचे कुत्रे लवकर दमते, इवलासा देह पाण्यात झटकन गारठतो. आणि उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यास, तसाच माणसासही जडतो. लस व तरंगते जाकीट यांवाचून नेणे इष्ट नव्हेच. शिवाय १९०८ साली मुसीच्या पुराने हजारो बळी घेतलेल्या या शहरात नदीस गृहीत कोण धरील?

बारा वर्षांच्या मोत्यास आम्ही शेजारच्या काकूंकडे ठेविले. रात्री परतलो, तो उंबरठ्यावर जागाच होता. कन्येचा रुसवा तेथेच विरला.