बॅटरी बंद, कान उघडे

बेडकांची नोंद आधी कानांनी होते. जूनच्या पहिल्या दमदार पावसानंतर टिटवाळ्याजवळ काळू नदीकडच्या भातखाचरांवर आम्ही रात्री जातो, बांधावर उभे राहतो आणि बॅटरी विझवतो. आमच्या चाहुलीने सगळे गप्प झालेले असतात. जरा वेळ हललं नाही की आधी लांबचा एखादा सुरू होतो, मग जवळचे. बुलफ्रॉगचा घुमणारा डराव. चिखलाकाठी मायक्रोहायला या इवल्या बेडकाची करकर. एवढ्याशा देहातून एवढा आवाज! झुडपातून झाडबेडकाची टकटक. जात, जागा, वेळ, पाऊस वहीत उतरलं की मगच उजेड पाडायचा. तेव्हा दिसतात बुलफ्रॉगचे नर: एरवी मातकट, हिरवट, विणीपुरते हळदीसारखे पिवळे, गळ्याशी दोन निळ्या पिशव्या. याच बेडकाच्या तंगड्या देशाबाहेर जात. ती निर्यात १९८७ मध्ये बंद झाली.

डासांचं मलम लावलेल्या हाताने बेडकाला शिवायचं नाही, हा आमचा पक्का नियम. त्याची ओली कातडी श्वास घेते आणि पाणीही शोषते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. हाताला लागलेलं काहीही त्याच वाटेने अंगात जातं.

उभयचरांच्या आज हयात असलेल्या तीन गटांत बेडूक आणि भेक संख्येने कितीतरी पुढे. शेपटीवाले सॅलॅमँडर आणि न्यूट इकडे नाहीतच; भारतात त्यांच्यासाठी पूर्व हिमालय गाठावा लागतो. तिसरा गट बिनपायांचा, देवगांडुळांचा. अंगावर वळ्या, कातडीखाली झाकलेले डोळे, डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये वास टिपणारी बारीक स्पर्शिका. ओल्या मातीत राहणारा हा जीव ओरडत नाही, म्हणून आमच्या कानांच्या पद्धतीला सापडत नाही. दगड उचलून बघावा लागतो, आणि दगड होता तसाच परत ठेवावा लागतो. खंडाळ्याच्या देवगांडुळाचं वर्णन प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांनी १९६० मध्ये केलं. आंबोलीच्या एका जातीला २००३ मध्ये निसर्गतज्ज्ञ जे. सी. डॅनियल यांचं नाव मिळालं. साप समजून लोक देवगांडुळाला ठेचतात, याचं फार वाईट वाटतं. तो विषारी साप नव्हे, सापच नव्हे.

ठाण्याचे तलाव सुंदर आहेत, पण मला जास्त मोलाचं वाटतं ते खाचरातलं, डबक्यातलं, उन्हाळ्यात आटून जाणारं पाणी. तिथे मोठे मासे टिकत नाहीत, म्हणून अंडी आणि भैरे वाचतात. मायक्रोहायलाचे भैरे तर काचेसारखे पारदर्शक. पाण्यात बॅटरी तिरपी धरली तरच दिसतात. डोंबिवली-कल्याणच्या कडेची अशी डबकी भरावाखाली जात आहेत. सोसायटीच्या मागे एखादं उरलं असेल, तर डास मारायला त्यात रॉकेल ओतू नका, गप्पी मासेही सोडू नका; ते भैरेही खातात.