शुश्रूषा करणाराच आजारी पडतो तेव्हा

वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून विशी-बाविशीतले तरुण औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, येऊ लागले. सिडको-हडकोच्या दोन खोल्यांत त्यांनी संसार थाटले. पुढे वडील गेले, तेव्हा अनेकांनी गावाकडच्या आईला आपल्याकडे आणले. ती पिढी आता साठीत आहे, आई ऐंशीच्या पुढे आणि मुले नोकरीसाठी पुण्याला. अशा घरात म्हातारीपाशी जो उरला, त्यालाच मूत्रपिंडाचा विकार वा कर्करोग गाठतो, तेव्हा काय व्हावे?

डॉक्टरांचे वेळापत्रक रुग्णामागे दुसरा रुग्ण नाही, असे गृहीत धरून आखलेले असते. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास. त्यानंतरचा दिवस गळून गेलेला. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, तेही कित्येक आठवडे. येथील शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झाल्यापासून अनेकांची मुंबईची वारी वाचली, हे मोठेच काम होय. परंतु त्या तासांत अंथरुणाला खिळलेल्या आईला पाणी कोणी द्यावे, तिची कूस कोणी बदलावी? शेजारीण दोन दिवस येईल. दीड महिना येणार नाही. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्याला ‘वजन उचलू नका’ असे बजावले जाते. आईला उठवून बसवणे हे वजनात धरायचे की नाही, हे कोणी सांगत नाही. मग उपचाराचा एखादा दिवस चुकतो, पुढे आठवडा चुकतो. किरणोपचारात असा खंड पडत गेला की त्याचा गुण उणावतो.

कायद्याला या माणसाची ओळखच नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. टाकून दिलेल्या वृद्धांसाठी तो आवश्यकच होता. त्यात निर्वाहाची रक्कम आहे, आई-बापांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. पण जो टाकत नाही आणि ज्याला झेपतही नाही, त्याच्यासाठी काही नाही. त्या कायद्यातील ‘अपत्य’ या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातवंडे येतात, सून येत नाही. घरोघरी मात्र गणती तिच्यापासूनच सुरू होते, मग ती स्वतः आजारी का असेना! प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे वृद्धांसाठी आश्रम उभारण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. परंतु ती निराधारांसाठी. जिला मुलगा आहे ती आई निराधार ठरत नाही, मग तो मुलगा डायलिसिसच्या खाटेवर असला तरी.

आईला काही दिवस परक्या हाती सोपवले तर भाऊबंद नावे ठेवतील, ही भीती खरी आहे. तिला उत्तर भाषणांनी मिळणार नाही. ‘वृद्धाश्रमात टाकली’ आणि ‘उपचार होईपर्यंत इस्पितळात ठेवली’ यांत लोकही फरक करतात. म्हणूनच ही सोय वेगळ्या आश्रमात न करता १९५६ पासून मराठवाड्याचा आधार असलेल्या घाटी रुग्णालयात वा कर्करोग रुग्णालयाच्या आवारात व्हावी. दहा-वीस खाटा, दोन पाळ्यांत परिचारिका आणि रुग्णाचा उपचार संपेपर्यंतचीच मुदत, एवढ्यावर प्रारंभ करता येईल. आणि त्याहीआधी, किरणोपचाराची तारीख देताना ‘घरी तुमच्यावर कोण अवलंबून आहे?’ हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर केसपेपरवर लिहिण्यास तर एक पैसाही लागणार नाही.