पुनर्भारित काडतुसे, पिस्तुलाची : अचूकतेतील दोष
झाडलेल्या काडतुसाच्या पितळी पुंगळीत नवी टोपी, दारू व गोळी हाताने बसवून केलेल्या काडतुसास पुनर्भारित काडतूस म्हणतात. अमेरिकेतील नेमबाजांत ही प्रथा रूढ आहे. अशा काडतुसांचा मारा विखुरल्यास दोष नेमबाजाचा, पिस्तुलाचा की काडतुसाचा, हे प्रथम ठरवितात. त्यासाठी पिस्तूल टेकूवर ठेवून कारखान्यातील व पुनर्भारित काडतुसे एकाच अंतरावरून झाडून छिद्रसमूहांची तुलना करतात.

शिशाच्या गोळीबाबत व्यास हे प्रमुख कारण असते. ९ मिमी. ल्यूगर काडतुसाच्या धातुवेष्टित गोळीचा व्यास सु. ९.०२ मिमी. असतो, शिशाची गोळी सामान्यतः सु. ०.०२५ मिमी. जाड घेतात. ती नळीला सैल झाल्यास तप्त वायू कडेने निसटतात, नळीत शिसे साचते व आट्यांची पकड न बसल्याने गोळी कोलांट्या खाते. लक्ष्यावरील लांबट छिद्र ही त्याची खूण होय. पुंगळीचे तोंड फार आवळल्यासही मऊ गोळी दबते. म्हणून काडतुसातून गोळी उपसून सूक्ष्ममापकाने तिचा व्यास पुन्हा मोजतात. शिवाय हे काडतूस कोठीत पुंगळीच्या तोंडावर टेकत असल्याने त्याची बैठक बिघडते.

एका वेळी एकच घटक बदलल्यास कारण निश्चित होते. गोळी अधिक खोल बसविल्यास दाब धोकादायक रीत्या वाढतो. म्हणून प्रसिद्ध कोष्टकांतील मर्यादा पाळणे आवश्यक असते. बार क्षीण वाटल्यास गोळी नळीत अडकलेली असू शकते. नळी तपासल्याखेरीज पुढील गोळी झाडल्यास नळी फुटून इजा होण्याचा संभव असतो. भारतात दारूगोळा तयार करण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना लागतो.