मिळकतकराची सवलत : कुणाला, कुणी, कशातून?

श्रोतेहो, आज आपण जिथे बसलो आहोत ती बुधवार पेठ कसबा मतदारसंघात येते. फेब्रुवारी २०२३च्या इथल्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर निवडून आले. पुण्यातल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मिळकतकर माफ करा, ही त्यांची मागणी. मुंबईत अशी माफी २०२२ मध्ये जाहीर झालेली होती. त्याच सुमारास दुसरी मागणी सर्वच पक्ष करत होते : ४० टक्के सवलत परत द्या.

दोन्हीला आपण ‘सवलत’च म्हणतो, पण तत्त्व एक नाही. ४० टक्क्यांची सवलत विचारते, घरात मालक स्वतः राहतो का? ५०० फुटांची माफी विचारते, घर केवढं आहे? ढोबळ हिशोब करू. ज्याचा कर ५,००० रुपये, त्याचे ४० टक्क्यांनी २,००० वाचतात. ज्याचा ५०,०००, त्याचे २०,००० वाचतात. म्हणजे मोठ्या घराला मोठा लाभ. उलट क्षेत्रफळाच्या माफीत लहान घराला झुकतं माप मिळतं खरं. पण वाडा पाडून झालेल्या इमारतीत एकाला ४९० फूट मिळाले आणि शेजारच्याला ५१०, तर वीस फुटांनी एकाचा कर शून्य होतो, दुसऱ्याचा पूर्ण राहतो. समानांना समान वागवावं, हे ॲरिस्टॉटलपासून आपण ऐकत आलो. पण समान कशात? सगळं भांडण तिथेच आहे.

आता दुसरा प्रश्न : हे ठरवायचं कुणी? ४० टक्क्यांची सवलत महापालिकेने १९७० मध्ये ठराव करून दिली. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, कारण देखभाल-दुरुस्तीसाठी कायद्यात वजावट १० टक्क्यांचीच होती आणि महापालिका १५ टक्के देत होती. २०१९ पासून ४० टक्क्यांची सवलतही थांबली. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा सुरू केली; देखभालीची वजावट मात्र १० टक्क्यांवर आणली. तेव्हा आमदारकीच्या उमेदवाराने मिळकतकरावर बोलणं अस्थानी नाही, कायदा विधिमंडळातच होतो. पण गंमत पाहा : मार्च २०२२ पासून महापालिकेत प्रशासक होते. ज्या तिजोरीतून सवलत जायची, तिच्या सभागृहात एकही नगरसेवक नव्हता.

तिसरा प्रश्न कुणालाच आवडत नाही. पैसा कशातून येणार? पुण्यातली जकात २०१३ मध्ये गेली, तिच्या जागचा एलबीटीही गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला. आता महापालिकेच्या स्वतःच्या हातात राहिलेल्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक म्हणजे मिळकतकर. तो सोडला तर राज्याने भरपाई द्यायची, दुसऱ्या कुणावर बोजा टाकायचा, नाहीतर पाणी, कचरा, रस्ते यांत काटकसर करायची. चौथा मार्ग आम्हाला तरी दिसत नाही.

सवलत मागणं गैर नाही. घर नावावर आहे म्हणजे हातात पैसा आहे असं नव्हे. पेन्शनीवर जगणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हे सांगायला नको. पण उमेदवार दारात आला की ‘किती देणार?’ एवढ्यावर थांबू नये. कुणाला, कुणाच्या अधिकारात आणि कशातून, हेही विचारावं. तिन्हींची उत्तरं मिळाली तर ती भूमिका. एकाचंच मिळालं तर ती घोषणा.