मुदत संपली, प्रशासक आला

नेकनूर हे बीड तालुक्यातले, मांजरसुंबा-केज रस्त्यावरचे मोठे गाव. फेब्रुवारी 2017 मध्ये नेकनूर गटाने जिल्हा परिषदेवर आपला सदस्य निवडून पाठवला. मार्च 2022 मध्ये परिषदेची मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले, तर पंचायत समितीचा कारभार गटविकास अधिकाऱ्यांकडे गेला. शाळाखोलीचा किंवा रस्त्याचा प्रस्ताव तयार करणारे आणि त्याला मंजुरी देणारे टेबल एकच झाले. सर्वसाधारण सभेत उठून जाब विचारणारा सदस्य उरला नाही.

राज्य सरकारला असे करता येते का?

राज्यघटनेचे उत्तर कागदावर तरी कडक आहे. 24 एप्रिल 1993 रोजी लागू झालेल्या 73व्या दुरुस्तीने पंचायतींना पाच वर्षांची मुदत दिली. अनुच्छेद 243-ई नुसार ही मुदत संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. सरकारने पंचायत मध्येच बरखास्त केली, तर सहा महिन्यांच्या आत मतदान घ्यावे लागते आणि नव्या सदस्यांना उरलेलाच काळ मिळतो. मूळ मुदतच सहा महिन्यांपेक्षा कमी उरली असेल, तेवढ्यापुरती सूट आहे. कायदा बदलून चालू पंचायत घरी पाठवण्याचा मार्गही या अनुच्छेदाने बंद केला. नगरपालिका बरखास्त करण्याआधी तर तिची बाजू ऐकून घेणे बंधनकारक आहे.

ही बंधने अनुभवातून आली होती. 1962 मध्ये सुरू झालेल्या जिल्हा परिषदांचे महाराष्ट्राने देशभर कौतुक करून घेतले. पण 1979 नंतरची निवडणूक थेट 1992 मध्ये झाली.

मात्र, 243-ई मधील एक अट उलटीही फिरते. मुदत पाच वर्षांपेक्षा एक दिवसही वाढत नाही. त्यामुळे मर्जीतल्या सदस्यांना मुदतवाढ देता येत नाही, हे बरेच झाले. पण निवडणूक लांबली की खुर्ची रिकामी पडते. त्या खुर्चीवर कोण बसणार, हे राज्यघटना सांगत नाही. ते राज्याचे कायदे ठरवतात आणि सरकारचा शिरकाव तिथूनच होतो. बरखास्तीचा आदेश काढला तर सहा महिन्यांचे घड्याळ सुरू होते. निवडणूक नुसती लांबली, तर तसे काही होत नाही.

2020 मध्ये करोनामुळे 14,234 ग्रामपंचायतींच्या निवडणुका अडकल्या. सरकारने अध्यादेश काढला आणि पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने प्रशासक नेमायचे ठरवले. पक्षाचे कार्यकर्ते सरपंचाच्या खुर्चीत बसतील, या शंकेने प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. शक्यतो सरकारी किंवा स्थानिक संस्थेचा कर्मचारीच नेमावा, खासगी व्यक्ती नेमायचीच झाली तर कारणे नोंदवावीत, असे न्यायालयाने अंतरिम आदेशात बजावले. 15 जानेवारी 2021 रोजी मतदान झाले आणि तो प्रश्न मिटला.

पुढचा पेच मोठा होता. 4 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी स्वतंत्र आयोग, संस्थानिहाय आकडेवारी आणि एकूण आरक्षणाला 50 टक्क्यांची मर्यादा अशा तीन अटींवर बोट ठेवले. पुढच्या वर्षी विधिमंडळाने प्रभागरचनेचे अधिकार सरकारकडे घेतले. मुंबईचे प्रभाग 227 वरून 236 झाले, सरकार बदलल्यावर पुन्हा 227. प्रत्येक बदलाबरोबर नवी याचिका आली आणि मतदानाची तारीख पुढे गेली. अखेर 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरकण्यास सांगितले. तेही जमले नाही. सप्टेंबरमध्ये 31 जानेवारी 2026 ही नवी मर्यादा घातली गेली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्येच संपली होती. तिथे मतदान झाले 15 जानेवारी 2026 रोजी.

वरच्या सरकारच्या अशा शिरकावाला इतरत्र बंधने आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेत, कलम 139 मध्ये, प्रांतिक हस्तक्षेपाचीच सविस्तर शिस्त आहे. प्रांताने नगरपालिकेचा कारभार अंगावर घेतला, तर 14 दिवसांत वर कळवावे लागते. केंद्रीय मंत्र्याने 28 दिवसांत तो नामंजूर केला किंवा संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने 180 दिवसांत मान्यता दिली नाही, तर हस्तक्षेप संपतो. परिषद विसर्जित झाली तर 90 दिवसांत निवडणूक. 2020 मध्ये गाउटेंग प्रांताने च्वाने महानगराची परिषद विसर्जित केली; न्यायालयांनी तो निर्णय टिकू दिला नाही.

आपल्याकडे हस्तक्षेपाची अशी आपोआप तपासणी नाही. असतो तो राज्य निवडणूक आयोग. त्याच्या आयुक्तांना हटवायचे तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना लागते तीच प्रक्रिया लागते. सरकार सहकार्य करत नसेल, तर आयोगाने न्यायालयात जावे, असे अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच सांगितले होते. पण नेकनूरच्या केंद्रावर बसणारे शिक्षक आणि तलाठी आयोगाचे नोकर नसतात. आयोगाने मागणी केली की राज्यपालांनी लागेल तेवढा कर्मचारीवर्ग पुरवावा, हे अनुच्छेद 243-के मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे.